एकच मोबाईल, सारे घर: ब्राउझरमधील नको असलेल्या नोंदी आणि सूचना कशा काढाव्यात

ग्रामीण विदर्भातील अनेक घरांत एकच स्मार्टफोन सगळे मिळून वापरतात. सकाळी वडील त्यावर बाजार समितीतील कापसाचा आणि तुरीचा भाव पाहतात, दुपारी मुलगी पोलीस भरतीची जाहिरात शोधते, रात्री आई स्वतःच्या दुखण्याविषयी काही वाचते. ब्राउझर, म्हणजे ज्या ॲपमधून आपण इंटरनेटवरील पाने उघडतो ते ॲप, यातील प्रत्येक पानाची नोंद ठेवतो आणि पुढच्या माणसाने पत्त्याच्या पट्टीत दोन अक्षरे टाइप केली की त्या नोंदींवरून सूचना दाखवू लागतो. एकट्याच्या फोनवर ही सोय उपयोगी पडते. सामायिक फोनवर मात्र एकाचे वाचन दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर येते. आपल्या आजाराविषयी, कर्जाविषयी किंवा घरातील अडचणीविषयी कोणी काय वाचले, हे घरातल्या प्रत्येकाला कळलेच पाहिजे असे नाही, आणि अशी नोंद काढून टाकण्यात वावगे काहीच नाही.

गावाकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन असतो आणि त्यात क्रोम हा ब्राउझर आधीपासूनच असतो, म्हणून पुढील कृती प्रामुख्याने क्रोमसाठी दिली आहे. सेतू केंद्रातील आणि ग्रामपंचायतीतील संगणकांसाठी फायरफॉक्स आणि एज यांचाही उल्लेख पुढे येईल. मेनूतील नावे इंग्रजी भाषेत ठेवलेल्या फोनवर जशी दिसतात तशीच येथे लिहिली आहेत. फोनची भाषा मराठी असेल तर तेथे मराठी शब्द दिसतील आणि आवृत्ती जुनी असेल तर एखादा शब्द वेगळा असेल. पण बटणांच्या जागा साधारण त्याच असतात.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक भीती दूर करणे आवश्यक आहे, कारण तिच्यापायी पुष्कळ लोक या बटणांना हातच लावत नाहीत. ब्राउझरमधील नोंदी काढल्याने महाडीबीटीवर केलेला अर्ज रद्द होत नाही, पीएम किसानची नोंदणी जात नाही, पीकविम्याची पावती बाद होत नाही. ही सर्व माहिती त्या त्या विभागाच्या संगणकावर असते. आपल्या फोनमध्ये असते ती केवळ आपण ते पान उघडले होते याची नोंद. व्हॉट्सॲपवरील संदेश आणि गॅलरीतील फोटो यांनाही या कृतीने काही होत नाही.

सूचना कुठून येते ते आधी ओळखावे

हिस्ट्री, म्हणजे उघडलेल्या पानांच्या नोंदींची यादी, पुसूनही नको ती सूचना पुन्हा दिसते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचे कारण असे की, पत्त्याच्या पट्टीत किंवा शोधाच्या चौकटीत दिसणाऱ्या सूचना एकाच ठिकाणाहून येत नाहीत. काही सूचना ब्राउझरच्या हिस्ट्रीतून येतात, काही आपण तारा दाबून जपून ठेवलेल्या बुकमार्कमधून, काही उघड्याच राहिलेल्या टॅबमधून, काही फोनवर चालू असलेल्या गूगल खात्यातील शोधांच्या नोंदीतून आणि काही तर आपल्या वापरातून मुळीच आलेल्या नसतात. ज्या ठिकाणी नोंद आहे तेथूनच ती काढावी लागते. दुसरीकडे कितीही पुसले तरी ती जात नाही.

ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सूचनेच्या डाव्या बाजूचे लहान चिन्ह. घड्याळाचे चिन्ह असेल तर हा शोध या फोनवर किंवा या खात्यावर पूर्वी कोणीतरी घेतलेला आहे. ताऱ्याचे चिन्ह बुकमार्क दाखवते. भिंगाचे चिन्ह असेल तर ती सूचना बहुधा गूगलने इतर असंख्य लोकांच्या शोधांवरून सुचवलेली असते आणि तिचा आपल्या घराशी काहीही संबंध नसतो.

हा फरक घरातील मोठ्या माणसांनी विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. वडिलांनी फोन हातात घेतला, दोन अक्षरे टाइप केली, खाली एखादा अशोभनीय शब्द दिसला आणि दहावीतल्या मुलाला त्याच क्षणी बोलणी बसली, असे प्रसंग घरोघरी घडतात. त्या शब्दाच्या शेजारी भिंग होते की घड्याळ, हे कोणी पाहिलेले नसते. भिंग असलेल्या सूचनेसाठी मुलाला दोष देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. घड्याळ असले तरी तो शोध त्यानेच घेतला असे सिद्ध होत नाही, कारण त्याच गूगल खात्यावर दुसरा एखादा फोन चालू असू शकतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

एकच नोंद काढणे

शेतात चार ठिकाणी गवत दिसले म्हणून उभ्या पिकातून कोणी वखर फिरवत नाही. तेथे निंदणच करावे लागते. ब्राउझरच्या बाबतीतही शक्यतो नको असलेली तेवढी नोंद काढावी, असा माझा सल्ला आहे, कारण सगळे एकदम पुसले की कामाचे पत्तेही जातात आणि ते पुन्हा शोधताना चुकीच्या संकेतस्थळावर जाण्याचा धोका वाढतो.

मोबाईलवर क्रोम उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवावे आणि जी अक्षरे टाइप केल्यावर नको असलेली सूचना दिसते ती अक्षरे टाइप करावीत. सूचना दिसली की तिच्यावर बोट क्षणभर दाबून धरावे. नुसते टेकवून उचलले तर ते पानच उघडेल आणि त्याची आणखी एक नोंद होईल, म्हणून घाई करू नये. दाबून धरल्यावर ही सूचना हिस्ट्रीतून काढायची का, असा प्रश्न विचारणारी लहान चौकट येते. तेथे होकार दिला की ती सूचना जाते. अशी चौकट आलीच नाही, तर ती सूचना हिस्ट्रीतील नसून दुसरीकडून आलेली आहे असे समजावे.

एखाद्या संकेतस्थळाची अनेक पाने उघडली गेली असतील तर हिस्ट्रीच्या यादीत जाणे सोयीचे ठरते. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात वर एकाखाली एक अशी तीन टिंबे असतात. त्यांवर बोट लावून ‘हिस्ट्री’ निवडावे. सर्वात अलीकडे उघडलेले पान सर्वात वर, अशा क्रमाने तारीखवार यादी दिसते. क्रोमच्या या यादीत मागील ९० दिवसांपर्यंतची पाने असतात. यादीच्या वर भिंगाचे चिन्ह आहे. त्यात संकेतस्थळाच्या नावातील एखादा शब्द टाइप केला की तेवढ्याच नोंदी समोर येतात. प्रत्येक नोंदीच्या उजवीकडे फुली असते, ती दाबली की ती एक नोंद जाते. अनेक नोंदी एकदम काढायच्या असतील तर पहिल्या नोंदीवर बोट दाबून धरावे, मग इतर नोंदींवर एकेकदा बोट लावून त्या निवडाव्यात आणि वर दिसणाऱ्या कचरापेटीच्या चिन्हाला स्पर्श करावा.

ही कृती खाजगीपणाइतकीच सुरक्षिततेसाठीही महत्त्वाची आहे. समजा, सातबारा हवा म्हणून कोणी गूगलवर शोध घेतला आणि सर्वात वर आलेल्या जाहिरातीवर बोट लावले. उघडलेले पान सरकारी पानासारखेच दिसते, पण ते कोणा खासगी माणसाचे असते आणि उताऱ्यासाठी जास्तीचे पैसे मागते. चूक लक्षात आल्यावर तो माणूस पान बंद करतो आणि विषय संपला असे समजतो. परंतु ब्राउझरने तो पत्ता लक्षात ठेवलेला असतो. महिनाभराने घरातील दुसरा कोणी तीच अक्षरे टाइप करतो, खोट्या पानाचा पत्ता आपोआप पूर्ण होऊन समोर येतो, आणि ओळखीचे दिसते म्हणून तो त्यावर विश्वास ठेवतो. अशी नोंद दिसताक्षणी काढून टाकावी. महाराष्ट्र शासनाच्या महाभूलेखवर विनास्वाक्षरी सातबारा पाहण्यास शुल्क लागत नाही आणि डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याचे शुल्क १५ रुपये आहे. शिवाय या संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असते. पत्ता एकदा नीट तपासून तो बुकमार्क करून ठेवला, म्हणजे पुढच्या वेळी सूचनांमध्ये खरा पत्ता पुढे येण्यास मदत होते.

ठरावीक काळाच्या किंवा सर्व नोंदी काढणे

त्याच तीन टिंबांच्या मेनूत ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’ हा पर्याय असतो. जुन्या आवृत्तीत तो हिस्ट्रीच्या पानावर ‘क्लिअर ब्राउझिंग डेटा’ या नावाने आढळतो. तो उघडला की प्रथम किती काळाच्या नोंदी काढायच्या हे विचारले जाते. नव्या आवृत्तीत मागील १५ मिनिटे, १ तास, २४ तास, ७ दिवस, ४ आठवडे आणि ‘ऑल टाइम’ म्हणजे आजवरच्या सर्व नोंदी, असे पर्याय आहेत. कोणी शेजारी फोन मागून घेऊन गेला आणि परत करताना त्याला आपल्या नोंदी मागे ठेवायच्या नसतील, तर शेवटच्या तासाचा पर्याय पुरेसा होतो.

यानंतर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये गेल्यावर खुणेच्या चौकटींची यादी दिसते. येथे थांबून प्रत्येक चौकट वाचावी, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. ‘ब्राउझिंग हिस्ट्री’ या चौकटीत खूण केली की उघडलेल्या पानांच्या नोंदी आणि त्यावरून येणाऱ्या सूचना जातात. आपल्याला बहुतेक वेळा एवढेच हवे असते. ‘कुकीज अँड साइट डेटा’ काढले की ज्या संकेतस्थळांवर आपण लॉगिन करून ठेवले आहे त्यांतून आपण बाहेर पडतो आणि पुन्हा पासवर्ड किंवा ओटीपी द्यावा लागतो. खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडला असेल, आणि आपल्याकडे हे नेहमी घडते, तर तो ओटीपी येणारच नाही. म्हणून क्रमांक चालू असल्याची खात्री केल्याशिवाय ही खूण करू नये.

‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ म्हणजे पान लवकर उघडावे म्हणून फोनने साठवून ठेवलेली चित्रे व इतर भाग. ते काढल्याने फोनमध्ये थोडी जागा मोकळी होते, पण पुढच्या वेळी पान सावकाश उघडते. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात, जेथे नेटवर्क मुळातच अशक्त असते, तेथे कारणाशिवाय हे पुसण्यात अर्थ नाही.

‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ या चौकटीला तर हातच लावू नये, निदान ते पासवर्ड वहीत उतरवून घेतल्याशिवाय तरी नाही. महाडीबीटीचा किंवा शिष्यवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड दोन वर्षांपूर्वी ठेवलेला असतो, तो कोणाच्या लक्षात नसतो आणि केवळ ब्राउझरला ठाऊक असतो. तो एकदा पुसला गेला की अर्जाच्या शेवटच्या तारखेला धावपळ होते. ‘ऑटोफिल फॉर्म डेटा’ म्हणजे अर्ज भरताना पूर्वी टाइप केलेली नावे, पत्ते आणि क्रमांक; त्याचा विचार संगणकाच्या भागात केला आहे. ‘साइट सेटिंग्ज’मध्ये आपण संकेतस्थळांना दिलेल्या परवानग्या असतात. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये दिवसभर घाणेरड्या जाहिराती येत असतील तर पूर्वी कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाव’ म्हटले गेलेले असते. हिस्ट्री पुसून त्या थांबत नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ येथे जाऊन त्या संकेतस्थळाची परवानगी काढावी लागते.

हव्या त्या चौकटींत खूण ठेवून शेवटी ‘डिलीट डेटा’ हे बटण दाबावे. ब्राउझरमधून गेलेली नोंद परत आणण्याचे बटण नाही, त्यामुळे दाबण्यापूर्वी खुणा पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात.

फोनवर खाते कोणाचे आहे

गावातल्या माणसाने तालुक्याच्या ठिकाणी नवा फोन घेतला की तो सुरू करून देण्याचे काम दुकानातला मुलगा किंवा घरातील एखादा शिकलेला पुतण्या करतो. फोनला जीमेल खाते हवे असते. ते नसले की तात्पुरते म्हणून पुतण्याचेच खाते टाकले जाते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. मग पुतण्या नागपुरात त्याच्या फोनवर जे शोधतो ते काकाच्या फोनवर घड्याळाच्या चिन्हासह दिसू लागते, आणि काकूंनी रात्री वाचलेले पुतण्याच्या फोनवर पोहोचते. यात कोणाचाच वाईट हेतू नसतो, पण दोघांचीही कुचंबणा होते.

क्रोममध्ये तीन टिंबे दाबून ‘सेटिंग्ज’ उघडल्यास सर्वात वर खात्याचे नाव आणि जीमेलचा पत्ता दिसतो. तो आपला नसेल तर त्यावर बोट लावून ‘साइन आउट’ करावे. क्रोममधून साइन आउट केल्याने फोन बंद पडत नाही, पण खात्यासोबत आलेले पासवर्ड आणि बुकमार्क या फोनवर दिसेनासे होऊ शकतात, म्हणून कामाचे आधी उतरवून घ्यावे. त्यानंतर घरच्या माणसाच्या नावाने नवे खाते काढून घ्यावे आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. दोन फोनवर एकच खाते असेल आणि हिस्ट्री जुळवून घेण्याची सोय चालू असेल, तर एका फोनवर पुसलेली नोंद दुसऱ्या फोनवरूनही जाते. पुतण्याला न विचारता ‘ऑल टाइम’ पुसू नये.

गूगलवर घेतलेले शोध ब्राउझरच्या हिस्ट्रीखेरीज गूगल खात्यातही जमा होतात. ते काढण्यासाठी गूगलचे ॲप उघडून कोपऱ्यातील आपल्या चित्रावर किंवा नावाच्या अक्षरावर बोट लावावे आणि ‘सर्च हिस्ट्री’ निवडावे. तेथे एकेक शोध फुली दाबून काढता येतो, आजचे सर्व शोध काढता येतात किंवा ठरावीक तारखांमधले काढता येतात. ‘ऑटो-डिलीट’ या पर्यायात ३, १८ किंवा ३६ महिन्यांहून जुन्या नोंदी आपोआप काढण्याची व्यवस्था आहे. सामायिक फोनसाठी ३ महिने ठेवणे मला योग्य वाटते. यूट्यूबवर पाहिलेल्या आणि शोधलेल्या चित्रफितींची नोंद आणखी वेगळी असते आणि ती यूट्यूबच्या ॲपमध्ये, सेटिंग्जमधून काढता येते.

एवढे करूनही टाइप करताना कळफलकाच्या वरच्या पट्टीत जुने शब्द येत असतील, तर ते ब्राउझरचे नाहीत. कळफलकाने शिकलेले शब्द आहेत. जीबोर्ड हा कळफलक असेल तर त्या शब्दावर बोट दाबून धरावे आणि पडद्यावर दिसणाऱ्या कचरापेटीपर्यंत तो ओढून सोडावा.

संगणकावर

संगणकावर कळफलकाची तीन जोडबटणे पाठ केली की काम भराभर होते. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरमध्ये विंडोजवर ‘कंट्रोल’ आणि ‘एच’ एकत्र दाबल्यास हिस्ट्री उघडते, तर ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ एकत्र दाबल्यास नोंदी पुसण्याची चौकट उघडते. पत्त्याच्या पट्टीतील एकच सूचना काढायची असेल तर काही अक्षरे टाइप करावीत, खालच्या बाणाने त्या सूचनेपर्यंत जावे आणि ती ठळक झाली की ‘शिफ्ट’ व ‘डिलीट’ दाबावे. नव्या क्रोममध्ये त्या सूचनेच्या उजव्या टोकाला फुलीही दिसते. फायरफॉक्समध्ये एखाद्या संकेतस्थळाचा मागमूसच काढायचा असेल तर हिस्ट्रीच्या यादीत त्यावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘फर्गेट अबाउट धिस साइट’ निवडता येते. मात्र त्याने त्या संकेतस्थळाचे जपलेले पासवर्डही जातात.

आता सेतू केंद्राकडे येऊ, कारण सर्वाधिक काळजी तेथे घेण्याची गरज आहे. खरिपाच्या दिवसांत पीकविम्याचे अर्ज भरण्यासाठी केंद्रावर रांग लागते आणि एकाच संगणकावर दिवसभरात अनेकांचे अर्ज भरले जातात. केंद्रचालक पुढच्या माणसाचा अर्ज उघडतो आणि मोबाईल क्रमांकाच्या चौकटीत कर्सर ठेवतो. अजून एकही अंक टाइप झालेला नसतो, तरी त्या चौकटीखाली एक यादी उलगडते आणि तीत सकाळपासून आलेल्यांचे दहा अंकी क्रमांक एकाखाली एक उभे असतात. नावाच्या चौकटीत नावे, खात्याच्या चौकटीत बँक खात्याचे क्रमांक, आणि काही अर्जांत आधार क्रमांकसुद्धा. काचेपलीकडे उभ्या असलेल्या बाई विचारतात, “भाऊ, हा कोणाचा नंबर येऊन राहिला?” आणि त्या क्रमांकांत त्यांच्या शेजारणीचा क्रमांक त्यांना ओळखू येतो.

यात दोन धोके आहेत. पहिला उघडच आहे: एकाची माहिती दुसऱ्याला दिसते. दुसरा धोका अधिक नुकसान करणारा आहे आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. घाईत यादीतील चुकीच्या ओळीवर माऊस दाबला गेला तर एका शेतकऱ्याच्या अर्जात दुसऱ्याचा खाते क्रमांक जातो, आणि हे कळते तेव्हा पैसे आलेले नसतात.

केंद्रचालकाने दिवसाचे काम संपल्यावर ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’, ‘डिलीट’ दाबून क्रोममध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ भागातील ‘ऑटोफिल फॉर्म डेटा’वर खूण करावी, काळ ‘ऑल टाइम’ ठेवावा आणि पुसावे. त्याच्या स्वतःच्या लॉगिनचे पासवर्ड जाऊ नयेत म्हणून पासवर्डच्या चौकटीतील खूण काढलेली असावी. फायरफॉक्स वापरत असल्यास कायमचाच बंदोबस्त करता येतो: सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त हिस्ट्रीसाठी ‘यूज कस्टम सेटिंग्ज’ निवडून ‘रिमेंबर सर्च अँड फॉर्म हिस्ट्री’ ही खूण काढावी. एवढे केले की चौकटींखालची ती यादी पुढे तयारच होत नाही. एजमध्ये ब्राउझर बंद करताना काय काय पुसायचे हे सेटिंग्जमधील प्रायव्हसीच्या भागात ठरवून ठेवता येते.

अर्जदारानेही दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात आणि सांगताना संकोच करू नये, कारण माहिती आपली आहे. ब्राउझरने ‘सेव्ह पासवर्ड?’ असे विचारले तर ‘नेव्हर’ दाबायला सांगावे. दुसरी गोष्ट उतरवून घेतलेल्या फाइलींची. हिस्ट्री पुसल्याने डाउनलोड झालेली फाइल जात नाही. यादीतील नाव जाते, पण फाइल ‘डाउनलोड्स’ या फोल्डरमध्ये तशीच असते. ई-आधारच्या फाइलीला पासवर्ड असतो हे खरे, पण तो नावाची इंग्रजीतील पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष एवढाच असतो, आणि गावात ही दोन्ही माहिती कोणालाही असते. म्हणून छापील प्रत हातात आली की फाइल निवडून ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ दाबायला सांगावे. नुसते ‘डिलीट’ दाबल्यास ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते. जेथे चालते तेथे मास्क्ड आधार काढावे. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात.

दुसऱ्याच्या संगणकावर आपले जीमेल उघडून बाहेर पडायचे राहून गेले असेल, तर पुन्हा तेथवर जाण्याची गरज नाही. आपल्या फोनवर गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी’ आणि त्यात ‘युअर डिव्हायसेस’ उघडल्यास खाते कोठे कोठे चालू आहे ते दिसते. तेथून त्या संगणकावरचे खाते बंद करता येते.

फसवणूक झाली असेल तर काहीही पुसू नये

खोट्या पानावर पैसे गेले, किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या पीएम किसानच्या नावाच्या फाइलीवर बोट लावल्यानंतर खात्यातून रक्कम कमी झाली, की माणूस घाबरतो आणि घरच्यांना कळू नये म्हणून सर्वप्रथम हिस्ट्री पुसतो. कृपया असे करू नये. कोणते पान, कोणत्या वेळी उघडले गेले याचा पुरावा त्याच हिस्ट्रीत असतो. प्रथम १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, कारण जितक्या लवकर कळवले तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. नंतर हिस्ट्रीतील त्या नोंदींचे, संदेशांचे आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, बँकेला कळवावे आणि तक्रारीची नोंद झाल्यावरच साफसफाईचा विचार करावा. बाहेरून आलेले ॲप फोनमध्ये बसले असेल तर हिस्ट्री पुसल्याने ते निघत नाही. त्या फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, पैशांचे व्यवहार त्यावरून करू नयेत आणि ते ॲप काढण्यापूर्वी त्याचे नाव व चिन्ह दिसेल असा फोटो दुसऱ्या फोनने काढून घ्यावा.

नोंदच होऊ नये यासाठी

क्रोमच्या तीन टिंबांत ‘न्यू इन्कॉग्निटो टॅब’ आहे. संगणकावर तो ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’, ‘एन’ या बटणांनी उघडतो, आणि फायरफॉक्समध्ये ‘एन’च्या जागी ‘पी’ दाबावे लागते. या खिडकीत उघडलेली पाने हिस्ट्रीत जात नाहीत आणि अर्जात भरलेली माहितीही ब्राउझर लक्षात ठेवत नाही. मात्र अशा सर्व खिडक्या बंद केल्या तरच हे खरे ठरते. एक जरी मागे उघडी राहिली तरी पुढचा माणूस त्यात आपले लॉगिन चालू असलेले पाहू शकतो. या खिडकीतून उतरवलेली फाइल फोनमध्ये राहतेच. उघडलेल्या संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपला वापर या खिडकीतही दिसू शकतो, त्यामुळे ती घरातल्या घरात खाजगीपणा राखण्यासाठी आहे, एवढेच समजून वापरावी.

सेतू केंद्रासाठी याहून सोयीची व्यवस्था म्हणजे क्रोममधील पाहुण्याची खिडकी. संगणकावर वरच्या उजव्या कोपऱ्यातील खात्याच्या गोल चिन्हावर माऊस दाबून ‘ओपन गेस्ट प्रोफाइल’ निवडले की चालकाची हिस्ट्री, त्याचे पासवर्ड आणि बुकमार्क यांपैकी काहीही न दाखवणारी वेगळी खिडकी उघडते. अर्जदाराला स्वतःचे खाते उघडायचे असेल तेव्हा ही खिडकी वापरावी, पावती छापून झाली की ती पूर्ण बंद करावी, आणि रांगेतील पुढच्या माणसासाठी नवी उघडावी.